दृष्टिहीन व्यक्तीसाठी स्मार्टफोन निवडताना : सोलापुरातील खरेदीदारासाठी तुलनेची पद्धत

स्मार्टफोनची तुलना करणारे बहुतेक लेख कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल, पडद्याचा उजेड आणि बॅटरीची क्षमता यांच्या तक्त्यांनी भरलेले असतात. पडद्याकडे न पाहता फोन वापरणाऱ्या व्यक्तीला त्या तक्त्यांचा उपयोग फार थोडा असतो. फोन मराठी कसे वाचतो, बोटाचा ठसा घेणारी जागा चाचपून सापडते का, पैसे पाठवताना पिनच्या पानावर फोन मुका होतो का आणि अडल्यावर शिकवणारे जवळपास कोणी आहे का, हे तिचे प्रश्न असतात. आयफोन आणि अँड्रॉइड यांची तुलना या प्रश्नांच्या आधारे कशी करावी, ते येथे दिले आहे. माझे मत आधीच सांगतो: रोजची पाच-सहा कामे घरी ठरवावीत, ती दुकानात पडदा झाकून स्वतःच्या हाताने करून पाहावीत आणि ज्या फोनवर ती विनासायास होतील तो फोन घ्यावा. सोबत येणाऱ्या नातेवाइकाने मत जरूर द्यावे, परंतु फोन हातात घेऊन ‘मी दाखवतो’ असे म्हणू नये.

कामे ठरवताना ती नेमकी लिहावीत. ‘व्हॉट्सॲप वापरणे’ एवढे पुरेसे नाही. ‘आलेला मराठी संदेश ऐकणे, त्याला बोलून उत्तर देणे, आलेला ओटीपी दुसऱ्या ॲपमध्ये भरणे’ अशा शब्दांत ती मांडावीत. विद्यार्थ्याची कामे वेगळी, दुकान चालवणाऱ्याची वेगळी आणि निवृत्त आजोबांची आणखी वेगळी असतात. ज्यांना केवळ फोन घ्यायचे, करायचे आणि बातम्या ऐकायच्या आहेत, त्यांना महागड्या फोनची गरज नसते, हे या यादीवरूनच लक्षात येते.

दोन स्क्रीन रीडर

पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीला स्क्रीन रीडर म्हणतात. आयफोनमधील स्क्रीन रीडरचे नाव व्हॉइसओव्हर, तर अँड्रॉइडमधील मुख्य स्क्रीन रीडरचे नाव टॉकबॅक. आयफोनवर व्हॉइसओव्हर २००९ साली थ्रीजीएस या मॉडेलपासून आला आणि टॉकबॅकही त्याच वर्षी अँड्रॉइडवर आला; मात्र बोट फिरवून पडदा चाचपण्याची सोय अँड्रॉइडमध्ये काही वर्षांनी आली आणि अनेक बोटांच्या खुणा तर २०२१ च्या सुमारास आल्या. ‘आयफोनच अंधांसाठी चांगला’ हे मत त्या मधल्या काळात रुजले, आणि तेव्हा ते बरोबरही होते. आज ते सरसकट खरे मानता येत नाही. हे दोन्ही स्क्रीन रीडर फोनसोबत मोफत मिळतात. त्यांसाठी कोणी वेगळे पैसे मागत असेल, तर त्या दुकानातून निघून यावे.

दोन्हींची मूळ रीत सारखी आहे. बोट पडद्यावर ठेवले की त्याखालच्या गोष्टीचे नाव ऐकू येते, उजवीकडे बोट झटकले की पुढची गोष्ट, डावीकडे झटकले की मागची, आणि कुठेही दोनदा झटपट टिचकी मारली की निवडलेली गोष्ट उघडते. पान सरकवण्यासाठी आयफोनवर तीन बोटे लागतात, अँड्रॉइडवर दोन. फोन उचलण्यासाठी किंवा ठेवण्यासाठी दोन्हीकडे दोन बोटांनी दोनदा टिचकी मारता येते, आणि ही एक खूण नवख्या माणसाला सर्वांत आधी शिकवावी, कारण फोन वाजत असताना हिरवे बटण शोधत बसण्याची घाई त्यामुळे टळते.

फरक पडतो तो वाचनाची पद्धत बदलण्यात. आयफोनवर दोन बोटे पडद्यावर ठेवून जुन्या रेडिओची कळ फिरवावी तशी फिरवली की ‘अक्षरे’, ‘शब्द’, ‘मथळे’, ‘बोलण्याचा वेग’ असे पर्याय एकामागून एक ऐकू येतात. या सोयीला रोटर म्हणतात. टॉकबॅकमध्ये हेच काम वाचन-नियंत्रणांतून होते: तीन बोटे वर किंवा खाली सरकवून पर्याय निवडावा आणि मग एका बोटाने वर-खाली झटकून तो वापरावा. रोटर समजायला थोडा वेळ लागतो, बोटे कडक झालेल्या वयस्कर माणसाला तो जमतही नाही. टॉकबॅकच्या खुणा त्या मानाने सोप्या आहेत, परंतु काही अँड्रॉइड फोनांवर त्या दर वेळी सारख्याच ओळखल्या जातील याची खात्री नसते. ज्यांच्या हातांना कंप आहे त्यांनी हे दुकानातच पाहावे.

आवाज आणि भाषा

सोलापूरकराने सर्वाधिक वेळ या मुद्द्याला द्यावा, असे मला वाटते. येथे एकाच दिवसात घरी तेलुगू, बाजारात मराठी, अक्कलकोटच्या पाहुण्यांशी कन्नड, शेजारी उर्दू किंवा हिंदी आणि बँकेच्या संदेशांत इंग्रजी अशी भाषांची सरमिसळ सहज होते. फोनचा आवाज या सरमिसळीला किती पुरा पडतो, हे जाहिरातीत कळत नाही.

अँड्रॉइडवर गूगलच्या वाचन-सेवेत मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या सर्व भाषांचे आवाज मोफत मिळतात. ते उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालतात. मराठी आवाज मधे येणारे इंग्रजी शब्दही वाचतो, त्यामुळे ‘तुमच्या खात्यातून पाचशे रुपये डेबिट झाले’ अशा धेडगुजरी संदेशाला फारशी अडचण येत नाही. शिवाय अँड्रॉइडमध्ये आवाजाचे इंजिन बदलता येते. ई-स्पीक नावाच्या मोफत इंजिनातही मराठी आहे. त्याचा आवाज यंत्रासारखा, ऐकायला रुक्ष आहे, परंतु बोट ठेवताक्षणी तो बोलतो आणि वेग कितीही वाढवला तरी शब्द कापत नाही. संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांच्या कानाला तो आधीच सवयीचा असतो.

आयफोनमध्ये व्हॉइसओव्हरसाठी मराठी, कन्नड आणि तेलुगू आवाज २०२२ मधल्या आयओएस १६ या आयफोनच्या कार्यप्रणालीच्या आवृत्तीपासून आले. त्यापूर्वीचा जुना आयफोन कोणी स्वस्तात देऊ केला आणि त्यावर ही आवृत्ती बसत नसेल, तर मराठी मजकूर हिंदी आवाजात ऐकावा लागेल, हे लक्षात ठेवून नकार द्यावा. हिंदी आवाज मराठी वाचतो खरा, पण ‘जवळ’ आणि ‘चमचा’ यांतले च आणि ज तो हिंदीच्या वळणाने उच्चारतो, ‘ळ’ला धड न्याय देत नाही, आणि दिवसभर तसे ऐकणे थकवणारे असते. व्हॉइसओव्हरमध्ये मजकुराची भाषा ओळखून आवाज आपोआप बदलण्याची सेटिंग आहे. कन्नड, तेलुगू आणि इंग्रजी या वेगळ्या लिप्या असल्याने तेथे ती उपयोगी पडते. मराठी आणि हिंदीची लिपी एकच असल्याने त्या दोहोंत गल्लत होऊ शकते. अशा वेळी रोटरमध्ये भाषांचा पर्याय जोडून मराठी आवाज हाताने निवडावा.

तपासणीसाठी घरूनच एक संदेश तयार करून न्यावा. त्यात ‘मंगळवेढा’, ‘होटगी’, ‘बाळीवेस’, ‘कुंभार वेस’, ‘शाळेजवळचे झाड’, ‘चहाचा कप’ असे शब्द असावेत, एक दूरध्वनी क्रमांक असावा, एक तारीख असावी आणि एक वाक्य इंग्रजीत असावे. तो दोन्ही फोनांवर पाठवून आधी सावकाश आणि मग रोजच्या वेगाने ऐकावा. क्रमांकाकडे विशेष लक्ष द्यावे. सहा अंकी ओटीपी अनेकदा ‘चार लाख बावन्न हजार’ अशा आकड्यासारखा वाचला जातो आणि तो भरेपर्यंत वेळ संपते. त्यावर उपाय दोन्हीकडे आहे: वाचनाची पद्धत ‘अक्षरे’ अशी निवडावी आणि एकेक अंक ऐकावा, आयफोनवर बोट खाली झटकून, टॉकबॅकमध्येही तसेच. हे दुकानात स्वतः करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एक अडचण मात्र कोणताही फोन पुरती सोडवत नाही. नातेवाईक व्हॉट्सॲपवर इंग्रजी अक्षरांत जे मराठी लिहितात, ते इंग्रजी आवाज इंग्रजी समजून वाचतो आणि मराठी आवाजही त्याचे काहीतरी विचित्रच करतो. भारतीय इंग्रजीचा आवाज निवडल्यास थोडा अर्थ लागतो. खरा उपाय फोनच्या बाहेर आहे: घरच्यांनी देवनागरीत लिहावे किंवा सरळ आवाजी संदेश पाठवावा.

लिहिण्याच्या बाबतीत मराठीत बोलून टंकलेखन करण्याची सोय गूगलच्या जीबोर्ड कळफलकात २०१७ पासून आहे आणि ती घरगुती वापराला पुरेशी आहे. विरामचिन्हे आणि विशेषनामे मात्र हाताने दुरुस्त करावी लागतात. सार्वजनिक ठिकाणी बोलून लिहिणे गैरसोयीचे असते, आणि पूर्व भागातील यंत्रमागाच्या खडखडाटात ते चालतही नाही. म्हणून कळफलकावर बोट फिरवून अक्षर ऐकावे आणि बोट उचलले की ते उमटावे, ही रीतही शिकून घ्यावी. ब्रेल येणाऱ्यांसाठी दोन्ही फोनांत पडद्यावरच सहा बिंदूंनी लिहिण्याची सोय आहे. आयफोनमध्ये ती २०१४ पासून आणि टॉकबॅकमध्ये २०२० पासून आहे. मराठी ब्रेल हवे असेल तर भाषांच्या यादीत ते आहे का, हे फोन घेण्यापूर्वीच सेटिंगमध्ये उघडून पाहावे.

फोनचे अंग

हाताने चाचपून कळणाऱ्या गोष्टींची तुलना लेखांत क्वचितच सापडते. पहिली गोष्ट ठशाची. पडद्याच्या काचेखाली ठसा घेणारे फोन दिसायला देखणे असतात, पण त्या जागेला ना उंचवटा ना खाच, त्यामुळे बोट नेमके कुठे ठेवायचे ते दर वेळी अंदाजाने ठरवावे लागते. बाजूच्या पॉवर बटणातच ठसा घेणारा फोन दृष्टिहीन व्यक्तीसाठी माझ्या मते सर्वांत सोयीचा, आणि सुदैवाने मध्यम किमतीच्या अनेक अँड्रॉइड फोनांत तोच असतो. अँड्रॉइडवरील चेहरा ओळखण्याची सोय बँकांची ॲप सहसा मान्य करत नाहीत, त्यामुळे ठशाची जागा तपासणे टाळता येत नाही.

ठसा घेणारे होम बटण असलेले आयफोन आता नवे मिळत नाहीत. सध्याचे आयफोन चेहऱ्यावर उघडतात. डोळे फोनकडे वळवण्याची अट सेटिंगमधून काढता येते, आणि फोन प्रथम सुरू करतानाच व्हॉइसओव्हर चालू केला असेल तर ती आपोआप बंद राहते. चेहरा नोंदवताना मान कशी फिरवायची ते व्हॉइसओव्हर सांगतो. मुख्य पानावर जाण्यासाठी खालच्या कडेवरून बोट वर सरकवावे आणि पहिला सूक्ष्म धक्का जाणवताच उचलावे. दुसऱ्या धक्क्यापर्यंत गेले तर चालू ॲपची यादी उघडते. गॉगल घालणाऱ्यांनी आणि कृत्रिम डोळा असलेल्यांनी चेहऱ्याची नोंदणी आपल्याला जमते का, हे पाहूनच आयफोनचा विचार करावा.

दुसरी गोष्ट इअरफोनची. ब्लूटूथवर बोट ठेवणे आणि आवाज येणे यांत क्षणभराची फट पडते. गाणी ऐकताना ती कळत नाही, पण स्क्रीन रीडर वापरताना प्रत्येक टिचकीला कळते. साध्या तारेच्या इअरफोनचे छिद्र असलेला अँड्रॉइड मिळत असेल तर त्याला झुकते माप द्यावे. आयफोनवर ते छिद्र २०१६ मध्ये आयफोन ७ पासून गेले. तेथे इअरफोन जोडण्यासाठी वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो, आणि मग चार्जिंग आणि इअरफोन एकाच वेळी लावण्याचा प्रश्न उरतो. रस्त्यावर चालताना दोन्ही कान झाकू नयेत, हे सात रस्त्याच्या वाहतुकीतून जाणाऱ्यांना सांगण्याची गरज नाही.

रॅम कमी असलेला फोन टाळावा. डोळस माणसाला जो फोन ‘जरा हळू’ वाटतो, तो स्क्रीन रीडर चालू केल्यावर बोटामागे रेंगाळतो, आणि आधीची टिचकी लागली की नाही या शंकेने माणूस पुन्हा टिचकी मारतो. सहा जीबीच्या खाली जाऊ नये, असे मी सुचवतो. फोन फार गुळगुळीत असेल तर खरखरीत कव्हर घ्यावे. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामेजल्या बोटांनी खुणा नीट लागत नाहीत, म्हणून काचेवर चांगल्या दर्जाचा संरक्षक पापुद्रा असावा आणि जवळ रुमाल असावा.

दुकानातील तपासणी

नवी पेठेतल्या मोबाइल दुकानांत संध्याकाळी इतकी गर्दी असते की स्वतःच्या फोनचा आवाजही ऐकू येत नाही. दुपारी अकरा-बाराच्या सुमारास जावे, स्वतःचा इअरफोन न्यावा आणि आपल्याला अर्धा तास लागेल हे दुकानदाराला आधीच सांगावे.

अँड्रॉइडवर आवाज वाढवण्या-कमी करण्याची दोन्ही बटणे तीन सेकंद एकत्र दाबून धरली की टॉकबॅक सुरू होतो. प्रथमच करताना परवानगी विचारली जाते, तिला होकार द्यावा. आयफोनवर बाजूचे बटण तीनदा दाबण्याचा शॉर्टकट असतो, मात्र तो सेटिंगमध्ये आधी नेमलेला असावा लागतो. अगदी नवा, न उघडलेला आयफोन असेल तर स्वागताच्या पानावरच तीनदा दाबून व्हॉइसओव्हर चालू होतो. बंद करण्याची रीतही तीच. ती दुकानदाराला दाखवून ठेवावी, कारण त्याच्या प्रदर्शनातला फोन अचानक बोलू लागला आणि नेहमीसारखा चालेनासा झाला की तो बिचारा घाबरतो आणि पुढच्या दृष्टिहीन ग्राहकाला फोनला हात लावू देत नाही.

मग पडद्याचा उजेड बंद करावा. आयफोनवर तीन बोटांनी तीनदा टिचकी मारली की पडदा काळा होतो, तर टॉकबॅकमध्ये त्याच्या मेनूतून पडदा लपवता येतो. ही सोय पुढे गर्दीत आपले संदेश इतरांच्या नजरेपासून राखण्यासाठीही वापरावी. आता यादीतील कामे एकामागून एक करावीत: संपर्क शोधून फोन लावणे, आलेला फोन घेणे, फोन चालू असताना ‘मराठीसाठी एक दाबा’ या सूचनेनंतर अंकफलक उघडून एक दाबणे, संदेश वाचणे, वायफायचा पासवर्ड भरणे, गजर लावणे. फोन चालू असताना अंकफलक सापडणे हे काम क्षुल्लक वाटते, पण अनेक अँड्रॉइड फोनांत कंपनीने स्वतःचे डायलर, म्हणजे फोन लावण्याचे ॲप, बसवलेले असते आणि तेथील काही बटणांना नावच दिलेले नसते. मग टॉकबॅक केवळ ‘बटण’ एवढेच म्हणतो. असे आढळले तर गूगलचे डायलर बसवता येते का ते विचारावे. पिक्सेल आणि मोटोरोला यांसारख्या, मूळ अँड्रॉइडच्या जवळ राहणाऱ्या फोनांत हा त्रास कमी. सॅमसंगने २०२० नंतर आपला वेगळा स्क्रीन रीडर सोडून टॉकबॅकच स्वीकारला, त्यामुळे तेथेही शिकलेले वाया जात नाही. आयफोनवर मुळात असलेली ॲप या बाबतीत अधिक एकसारखी आहेत, आणि त्याचा हा मोठा गुण मान्य करायला हवा.

निनावी बटणाला आपण स्वतः नाव देऊ शकतो. आयफोनवर त्या बटणावर येऊन दोन बोटांनी दोनदा टिचकी मारावी आणि दुसऱ्या टिचकीला बोटे दाबून धरावीत. टॉकबॅकमध्ये मेनूतून नाव जोडण्याचा पर्याय निवडावा. काही आयफोन पडदा ओळखून निनावी बटणांची नावे स्वतःहून सुचवतात. ती इंग्रजीत असतात आणि कधी कधी चुकतातही.

आणखी एक तपासणी घाईत राहून जाते. काही कंपन्यांच्या अँड्रॉइडमध्ये बॅटरी वाचवण्याची यंत्रणा इतकी कडक असते की ती स्क्रीन रीडरलाच झोपवते. फोन पाच मिनिटे बाजूला ठेवून पुन्हा उचलावा, एकदा बंद करून पुन्हा चालू करावा आणि टॉकबॅक आपोआप बोलू लागतो का ते पाहावे. न बोलल्यास तो फोन घेऊ नये, दुकानदार कितीही सूट देत असला तरी.

पैसे, ओटीपी आणि ओळख पटवणे

यूपीआयचे ॲप स्वतः बोलते, पण खरी कसोटी पिन भरण्याच्या पानावर लागते. तेथे अंक बोटाखाली उच्चारले जातात का आणि किती अंक भरले ते कळते का, हे एक रुपया पाठवून पाहावे. पिन भरताना इअरफोन लावावाच. पासवर्डची अक्षरे मोठ्याने उच्चारावीत की नाही, ही सेटिंगही टॉकबॅकमध्ये आहे. बँकांच्या काही ॲपमध्ये अंकांच्या जागा दर वेळी बदलणारा कळफलक असतो, त्यावर डोळस माणसासारखा बोटाच्या सवयीवर भरवसा ठेवता येत नाही. एका बँकेचे ॲप दोन फोनांवर वेगवेगळे वागू शकते, म्हणून तपासणी आपल्याच बँकेच्या ॲपवर करावी. स्मार्टफोनवर हे जमेनासेच झाले, तर साध्या फोनवरून कॉल करून पैसे पाठवण्याची यूपीआय १२३पे ही सेवा २०२२ पासून आहे.

अँड्रॉइडवर बाहेरचे स्क्रीन रीडर बसवण्याची मुभा असते आणि जाणकार दृष्टिहीन मंडळी त्यांच्या जास्तीच्या सोयींमुळे ते वापरतातही. नवख्याने मात्र सबुरीने घ्यावे. ज्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी दिली, ते पडद्यावरचे सगळे वाचू शकते आणि आपल्या वतीने बटणेही दाबू शकते. फसवणूक करणारे लोक नेमकी हीच परवानगी मागतात. म्हणून काही बँकिंग ॲप अनोळखी ॲक्सेसिबिलिटी सेवा चालू दिसली की उघडतच नाहीत. फोनवर कोणी ‘अमुक ॲप टाका आणि परवानगी द्या’ असे सांगू लागला, तर फोन ठेवावा. आयफोनवर असे बाहेरचे स्क्रीन रीडर बसतच नाहीत. निवड कमी, पण हा एक धोकाही कमी.

खाते उघडताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला किंवा चौकटीत चेहरा आणायला सांगितले जाते. हे फोनचे नव्हे, सेवेचे अपंगत्व आहे, असे मी म्हणेन. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिलेल्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या अधिकाराचा भाग मानला आणि अशी ओळख-पडताळणी दृष्टिहीन व्यक्तींना करता येईल अशी करण्याचे निर्देश दिले. बँकेकडे तक्रार करताना या निकालाचा आणि दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याचा उल्लेख लेखी करावा.

नोटा ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे ‘मनी’ हे मोफत ॲप जानेवारी २०२० पासून दोन्ही प्रकारच्या फोनांवर आहे आणि ते इंटरनेटशिवाय चालते. नोट खरी की खोटी हे ते सांगत नाही. किती रुपयांची आहे एवढेच सांगते. मंडईत गर्दीच्या वेळी फोन काढून नोट दाखवणे अवघड असते, म्हणून नोटा घरीच ओळखून वेगवेगळ्या घड्या घालून ठेवण्याची जुनी पद्धत सोडू नये.

कॅमेऱ्याची मदत

छापील मजकूर वाचून दाखवण्यासाठी सीइंग एआय हे मायक्रोसॉफ्टचे ॲप आयफोनवर २०१७ पासून आणि अँड्रॉइडवर २०२३ च्या अखेरीपासून आहे. बी माय आइज या ॲपवर डोळस स्वयंसेवक व्हिडिओवरून पाहून सांगतो, आणि चित्राचे वर्णन करणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही त्यात आहे. ही दोन्ही मोफत आहेत. इंग्रजीत ती उत्तम चालतात. मराठी छापील मजकुरासाठी गूगल लेन्स वापरून पाहावे. तपासणीसाठी महावितरणचे वीजबिल आणि औषधाची एक पट्टी खिशात ठेवावी. औषधाच्या पट्टीच्या चकचकीत कागदावर उजेड परावर्तित होतो आणि दोन फोनांच्या कॅमेऱ्यांतला खरा फरक तेथे कळतो. औषध केवळ ॲपच्या भरवशावर घेऊ नये.

आयफोनच्या प्रो मॉडेलांत अंतर मोजणारा लायडार संवेदक आहे आणि त्याद्वारे समोरची माणसे, दारे ओळखता येतात. ऐकायला हे फार आकर्षक आहे. परंतु आपल्या पदपथांवरील उघडी गटारे, उभ्या दुचाकी आणि हातगाड्या यांच्यापुढे पांढरी काठीच विश्वासाची, आणि केवळ या सोयीसाठी प्रो मॉडेलची किंमत मोजावी, असे मी कोणाला सांगणार नाही.

सरकारी परिपत्रके आणि जुनी मराठी कागदपत्रे यांची एक वेगळीच अडचण आहे. युनिकोड ही सर्वत्र चालणारी अक्षरपद्धत येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेली पीडीएफ कोणत्याही स्क्रीन रीडरवर निरर्थक अक्षरांची माळ होऊन ऐकू येते, तर स्कॅन केलेली पीडीएफ काहीच बोलत नाही. अशा फाइलचे पान चित्र म्हणून ओळखून घ्यावे लागते. पुस्तकांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात नाव नोंदवावे. तेथे मराठी पुस्तकेही आहेत.

कोणी कोणता घ्यावा

ज्यांचे बहुतेक व्यवहार मराठी, कन्नड किंवा तेलुगूत चालतात आणि ज्यांचे बजेट पंधरा-वीस हजारांच्या घरात आहे, त्यांनी बाजूला ठसा, इअरफोनचे छिद्र आणि पुरेशी रॅम असलेला अँड्रॉइड घ्यावा. टॉकबॅक प्ले स्टोअरमधून स्वतंत्रपणे अद्ययावत होत असल्याने साध्या फोनलाही त्याच्या नव्या सोयी मिळू शकतात. ज्यांचे काम मुख्यतः इंग्रजीत आहे, ज्यांना एकच फोन अनेक वर्षे वापरायचा आहे आणि ज्यांना सेटिंगशी खेळत बसायचे नाही, त्यांना आयफोनची किंमत वसूल होते. अल्पदृष्टी असलेल्यांनी दोन्हीकडील विस्तारक, म्हणजे मजकूर मोठा करून दाखवणारी सोय, आणि रंग उलटे करण्याची सोय पाहावी. तेथे पडद्याचा आकार आणि उन्हातला उजेड यांना महत्त्व येते.

या सगळ्यावर मात करणारी एक बाब आहे. आपल्या ओळखीत जी दृष्टिहीन व्यक्ती रोज स्मार्टफोन वापरते आणि शिकवायला तयार आहे, ती जो वापरते तोच प्रकार घेणे बहुतेकांच्या हिताचे असते. पहिल्या महिन्यातल्या अडचणी छोट्या असतात, पण त्या विचारायला जवळ माणूस लागतो.

पैशांची अडचण असल्यास आधी दिव्यांगत्वाचे ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी, काढावे. त्यासाठी ऑनलाइन अर्ज करून शासकीय रुग्णालयात तपासणी होते. त्यानंतर केंद्राच्या एडिप योजनेतून स्मार्टफोनसारखे साधन मिळू शकते का, याची चौकशी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करावी, तर महापालिका हद्दीत राहणाऱ्यांनी दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या निधीबद्दल महापालिकेत विचारावे. मिळणारा फोन जुन्या आवृत्तीचा असू शकतो. तो हाती पडल्यावरही वरचीच तपासणी करावी.

घरी आल्यावर

पहिल्या दिवशी सगळी ॲप टाकू नयेत. आधी मराठी आवाज वायफायवरून उतरवून घ्यावा, स्क्रीन रीडर चालू-बंद करण्याचा शॉर्टकट पक्का करावा आणि तो घरातल्या प्रत्येकाला शिकवावा. टॉकबॅकच्या सेटिंगमध्ये सराव-पाठ आहेत. व्हॉइसओव्हरमध्ये सरावाचे पान आहे आणि आयओएस १८ पासून पूर्ण शिकवणीही आहे. बोलण्याचा वेग सुरुवातीला कमी ठेवून दर आठवड्याला थोडा वाढवावा. मुख्य पानावर केवळ रोजची पाच-सहा ॲप ठेवावीत आणि त्यांच्या जागा बदलू नयेत. आपत्कालीन मदतीची सोय चालू करून त्यात घरच्यांचा क्रमांक भरावा. अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींवर पॉवर बटण पाच वेळा दाबून ती वापरता येईल अशी मांडणी करता येते, आणि ती नेमकी कोणाला फोन लावते ते सेटिंगमध्ये उघडून पाहावे, म्हणजे खिशात चुकून बटण दाबले गेले तर ११२ ला विनाकारण फोन जाणार नाही.